गंगावेश सर्व्हर

झेरॉक्सच्या टेबलाखाली, रिकाम्या रिमांच्या मागं
धनपाल उपाध्येचा सर्व्हर चालायचा.
पंखा एका अंगाला घासायचा,
म्हणून पुठ्ठ्याची घडी लावलेली.

सोळा जागा. सतरावा आला की
कुणीतरी म्हणायचं, मी जेवून येतो.
इचलकरंजीचा रमजान दुसरी पाळी संपवून
साडेबाराला यायचा; त्याची जागा कुणी घेत नसे.
कागलचा शीतल गोळी झाडण्याआधी
दोनदा उडी मारायचा, उगाच,
आणि त्यातच मरायचा.
आईवरून शिवी दिली की धनपाल
तीन दिवस बाहेर ठेवायचा.
चौथ्या दिवशी त्याच्या दुकानात जायचं,
चहा सांगायचा, गप बसायचं.
नवख्याला कुणी सांभाळत नव्हतं, खोटं कशाला बोलू:
पहिला महिनाभर मी नुसता मेलो,
आणि सगळे हसले, नावानिशी.

आता बटण दाबतो.
चाळीस सेकंदांत नऊ माणसं येतात
माझ्याच ताकदीची, तोलून दिलेली.
निम्मे डाव जिंकतो, निम्मे हरतो.
जेवून येतो असं कुणाला सांगावं लागत नाही.

परवा रात्री पलीकडच्या भिंतीआडून
एकजण निघाला, थांबला,
दोनदा उडाला.
मी बंदूक खाली केली.
लिहिलं, भावा, कागल का?

त्यानं गोळी घातली.
मग तोही थबकला माझ्या मढ्यापाशी,
हलेना.
काहीतरी टाइप करत असावा.

डाव संपला.
पडद्यावर आलं:
नवे खेळाडू शोधत आहोत.