ओला पेंढा

आधी आवाज गेला.
त्रिन्केचा आवाज म्हणजे सबंध कालव्याला दवंडी:
पाववाला आला, टपाल आलं, वीब्रेन उठला.
मादी बदक खणखणीत ओरडतं, नर नुसता घोगरतो,
एवढं मला ठाऊक होतं.
म्हणून बुधवारी ती नरासारखी घोगरली
तेव्हा मी हसले.
हे लिहून ठेवते. हसले.

वीब्रेन हसला नाही.
खिडकीशी, नाकात नळी घेऊन बसलेला माणूस
तिच्या शेपटीकडे बघत होता.
"वर-खाली होतेय बघ. श्वासागणिक.
धावली नाही, ऊन नाही,
नुसती बसलीय, आणि चोच उघडी."
एवढं बोलायला त्याला तीन थांबे लागले.
चौथ्या थांब्यानंतर म्हणाला,
"मला शेपूट असती, यित्स्के,
तर तुला वेळेत कळलं असतं."

टोपलीत टॉवेल, टॉवेलवर ती,
वरून जुना स्वेटर, अंधार राहावा म्हणून.
डोक्कुमपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

डॉक्टर हिल्केमा, पोरसवदा बाई, आधी नुसती बघत राहिली.
हात लावायच्या आधी पाच मिनिटं.
मग मला म्हणाली, "छातीशी घट्ट धरू नका.
यांच्या पोटात आपल्यासारखा पडदा नसतो,
छाती हलेल तेवढीच हवा आत.
मायेनंही गुदमरतात."
मी हात सैल केले.
"आणि पेंढा कुठला?"

स्वस्तातला. गळक्या छपराखालच्या कोपऱ्यातला.
"झटकला की राखाडी धूळ उडते? कुबट वास?"

हाच प्रश्न
लेवार्डनच्या इस्पितळात अठ्ठ्याण्णव साली वीब्रेनला विचारला होता.
तेव्हा गवत होतं, चाळीस गाईंचं,
फेब्रुवारीत गंजी फोडली की धुरासारखं उठायचं,
आणि मी त्याचा सदरा अंगणात झटकून
पुन्हा त्यालाच घालायला द्यायचे.

बुरशी तीच, की तिची चुलतबहीण?
विचारायचं राहून गेलं.

औषध दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे.
"बरी होईलच असं म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली.
"बदकं आजार लपवतात. दिसतो तेव्हा जुना झालेला असतो."
मी मान हलवली. लपवणारे मला माहीत आहेत.

खुराड्यातला सगळा पेंढा बाहेर काढला, तोंडाला फडकं बांधून.
वीब्रेनला आत कोंडून ठेवलं, तो दारावर थापा मारत होता.
खाली कोरडी वाळू. पाण्याला खोल भांडं,
नाकपुड्या बुडवून धुता याव्यात एवढं.
संध्याकाळी झाकणाच्या खोक्यात तिला औषधाचं धुकं,
शेजारी खुर्चीत त्याचं यंत्र, त्याचा मुखवटा.
दोघांची औषधं वेगळी, नळ्या वेगळ्या,
डॉक्टरनं दोनदा बजावलंय, मी चिठ्ठ्या चिकटवल्यात.
दोन यंत्रं एकदम घुरघुरतात
आणि बातम्या ऐकू येत नाहीत.

रात्री मी मोजते. आधी त्याचे. मग जिना उतरून, मोजे घालून, तिचे.
कधी आकडे विसरते आणि दोघांचे पुन्हा पहिल्यापासून.

आज सातवा आठवडा.
टपालवाला फाटकाशी आला.
त्रिन्केनं मान उंचावली, चोच उघडली,
आवाज आला नाही.
शेपूट मात्र स्थिर होती. मी नीट पाहिलं.
मग खिडकीतून वीब्रेनच ओरडला, तिच्याऐवजी,
टपाल आलंय म्हणून,
आणि बराच वेळ खोकत बसला.