हिरड्या आवळणारी

द्राक्षांचा शेवटचा ट्रॅक्टर रिकामा झाला त्या रात्री
मोहाडीच्या तळघरात गायधनी साहेबांनी
बोर्दोची बाटली उघडली.
माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

आधी वास शिसपेन्सिल तासल्याचा.
मग आजोबांची तंबाखूची डबी, रिकामी.
आणि खूप मागे,
उंबऱ्याबाहेरच थांबलेलं जांभूळ.
घोट घेतला तर हिरड्या आवळल्या,
हिरडा चघळावा तशा.
"घुमी आहे," पारूबाई म्हणाली.

डब्यातली मिसळ पुढे केली.
तर्रीनं तिला असं डिवचलं
की एका चुलीपुढे दोघी जावा.
साहेबांच्या चीजशी ती जेवढ्यास तेवढं बोलली.

मग इरफाननं घरून आणलेली मटणाची नळी
ताटलीवर ठोकली.
मगज, मिठाचे चार खडे, बाजरीच्या भाकरीचा तुकडा,
त्यावर एक घोट —
आणि बाईनं डोक्यावरचा पदर सैल केला.
सावकाश बोलत राहिली,
तिच्याकडच्या गारगोट्यांच्या जमिनीबद्दल बहुतेक.
फ्रेंच आमच्यात कुणालाच येत नव्हतं.
बाटली संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

पहाटे सात नंबरच्या टाकीला
मी कान लावला.
आपली पोर अजून
फसफसून रडतेय.