चार हजारांच्या पुढे

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून दाखवला.
रेघ सरळ चालत आली होती
आणि मग कोथरूडच्या अंगाला टेकडी उतरते तशी
झपकन खाली.
"चार हजारांच्या पुढचं तुम्हाला येत नाही," त्या म्हणाल्या.
मला वाटलं, पेन्शनबद्दल बोलताहेत.

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
काडतुसांच्या पितळी पुंगळ्या कातल्या.
कान त्यातच गेला,
कधी गेला ते कळलं नाही.
घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम
आपोआप बायकोकडे गेलं.

वेताळ टेकडीवर रविवारी पाटोळे असतो बरोबर.
खाणीच्या वरच्या बाजूला, हिवरापाशी थांबतो,
बोट वर करतो: "सुभग. ऐकलीस शीळ?"
मी मान हलवतो.
तीन पावसाळे मी मान हलवतोय,
इतकी छान, की गेल्या वर्षी त्याने विचारलं,
आजची जरा आखूड नव्हती का रे?
होती, म्हणालो.

आज पाटोळे नाही.
मोतीबिंदू काढायला लेकीकडे नगरला गेलाय.
तो ऐकायचा, मी बघायचो,
दोघांत मिळून एक पक्षी पुरवायचो.

पण सुभग आहे. हिवराच्या शेंड्याला,
हळदीत बुडवून काढलेला,
पाठ काळी, पंखावर दोन पांढऱ्या फिती
हवालदाराला असतात तशा.
चोच उघडली. गळ्याची पिसं थरथरली.
माझ्यापुरतं काहीच झालं नाही.
मग तो सरळ वर गेला,
हवेतच अंगावरचं पीस न् पीस फुलवलं,
पिवळ्या लोकरीचा गुंडा झाला
आणि गिरक्या घेत खाली,
सावकाश,
वजन कुठेतरी विसरून आल्यासारखा.
मादी खालच्या बेचक्यात, पानाच्याच रंगाची,
चोचीत कोळ्याचं जाळं, घरट्याच्या कामात.
तिने वर बघितलंसुद्धा नाही.

कारखान्यात हाक पोचायची नाही,
म्हणून दोन बोटं जिभेखाली घालून शीळ मारायचो आम्ही.
मशीन थांबव, साहेब आला, चहा आला,
तिन्हींच्या वेगळ्या.
चहाची सगळ्यात पातळ आणि लांब.
आज, कोण बघतंय, म्हणून
चहाची मारली.
दातांना मुंग्या आल्या, गाल ताणले,
तेवढंच कळलं.

पायवाटेवर धावणारी एक पोरगी थबकली,
कानातली बोंडं काढून वळून बघू लागली.
झोपलेलं कुत्रं उठून बसलं.
आणि हिवरावरून तो थेट
माझ्या डोक्यावरच्या फांदीवर,
मान तिरकी, चांगलाच चिडलेला,
चोच उघडून मला काहीतरी लांबलचक सुनावलं.

म्हणजे वाजली.

पाटोळेला सांगावं का, विचार करतोय.
हे सांगायचं तर आधी
तीन पावसाळ्यांचं सांगावं लागेल.