जवसाचं तेल

कॉलेजच्या टेम्पोतून अकरा रायफली आल्या,
खाली फळीवर केळीच्या चिकाचे काळे डाग.
सगळ्यांच्या नळ्या वेल्डिंगनं बुजवलेल्या,
आतली पिन कापलेली.
"मुक्या आहेत," बोंडे सर म्हणाले,
"नुसतं लाकूड बघा, भारंबेकाका.
पंधरा ऑगस्टला पोरी खांद्यावर घेतील."

बाबांनी वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं
काडतुसं तपासली.
पितळेच्या कडेवरून नख फिरवायचं,
चीर असली तर लाल डब्यात,
नसली तर पुढे.
एकही उडवलं नाही.
पुढे म्हणजे कुठे, ते विचारायची पद्धत नव्हती.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, करपतात.
त्या उन्हात त्यांनी दस्ते काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले.
दुपारी उघडलं तर लाकडाला घाम फुटलेला,
किती जुनं ग्रीस कोण जाणे, काकवीसारखं,
आणि त्यात कुठल्या कुठल्या तळव्यांचा वास.
"ही फडकी माझ्या नळावर आणायची नाहीत,"
आई खालूनच ओरडली.

फुटक्या बाटलीच्या काचेनं वार्निश खरवडायचं,
भुसा नाही, साली निघतात, कांद्याच्या असतात तशा.
मग ओलं फडकं, त्यावर गरम इस्त्री.
चर्र.
दबलेली जागा फुगून वर येते.
"मोडलं नव्हतं ते," बाबा म्हणायचे,
"दबलं होतं. मोडल्यावर वाफ काही करत नाही."
मी इस्त्री धरायचे. माझ्या कॉलरी त्या महिन्यात
सगळ्या चुरगळलेल्या.

सातवीच्या मानेत ठिगळ सापडलं.
शंकरपाळ्याच्या आकाराचं, बोटाच्या पेराएवढं,
वार्निशखाली, कुणाला दिसणार नाही असं,
रेषेला रेषा जुळवून बसवलेलं.
बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"ह्याला कोण बघणार होतं?"
त्या दिवशी दुसऱ्या कशाला हात लावला नाही.
फक्त संध्याकाळी, सवयीनं,
कडेवरून नख फिरवत राहिले.
चीर नव्हती.

नववीला मात्र तिथेच भेग निघाली.
अक्रोड आमच्याकडे फराळाच्या डब्यात येतो,
लाकूड म्हणून येत नाही.
यावलला पाहिलं, सावद्याला पाहिलं.
चौथ्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं,
निवृत्तीला साहेबांनी हातात दिलेलं,
आणि त्याच्या चौकटीला करवत लावली.
"काय करू राह्यले हे! चांगली घडी फोडू राह्यले!"
बाबा काही बोलले नाहीत. ओठात खिळा होता.
घड्याळ आता उघडंच टांगलंय,
दातेरी चाकं दिसतात,
तरी चालतं.
सागाचा रंग थोडा फिकाच बसला.

शेवटी तेल. रावेरच्या घाण्यावरचं, जवसाचं.
चिंधी नाही, तळवा.
लाकूड नाही तर हात,
काहीतरी तापेपर्यंत चोळायचं.
उद्या परत. परवा परत.
घरभर चटणीचा वास,
येणारे-जाणारे विचारायचे, आज काय केलंय?

पंधरा ऑगस्टला पाऊस नव्हता, नुसता उकाडा.
बाबा कुंपणाबाहेर, सायकल धरून.
बगल शस्त्र झालं, सलामी शस्त्र झालं,
अकरा टाचा एकदम, एक थोडी उशिरा.

नंतर सायरा तडवी धावत आली, टोपी हातात.
"काका, हिला चटणीचा वास येतो,
सलामीत उभ्या उभ्या भूक लागली मला."
"कितवी आहे ती?" बाबांनी विचारलं.
तिला माहीत नव्हतं.
तिनं रायफल आडवी धरली,
अंगठा मानेवर, नेमका त्या शंकरपाळ्यावर.
फिका होता.
तिच्या अंगठ्याला तो लागलाच नव्हता.

घर येईपर्यंत बाबा सायकलवर बसले नाहीत.