दरीच्या बाजूची सीट

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर तुझ्या डोळ्यांचे थेंब.
इंदूर, हरदा, इटारसी, पिपरिया.
तू बोटानं जातोस, मी पेन्सिलीनं.
पेट्रोल पिपरियाला भरायचं, तू म्हणतोस,
पुढे भरवसा नाही.
(हे ब्याण्णव सालचं. आता असतील पंप.
मी बोलत नाही. लिहून घेते.)

मटकुलीपाशी तू नकाशावरून बोट उचलतोस.
इथून पुढचं तुला पाठ आहे.
"पहिलं वळण फसवं, सरळ वाटतं.
देनवेचा पूल गेला की दुसरा गिअर.
मग जंगल दाट होतं, तिथे हॉर्न,
समोर कुणी दिसो न दिसो."

सप्टेंबरात लायसन्स संपलं, ते पुन्हा झालं नाही.
काचबिंदू आधी कडा खातो, तांबे डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मधलं बराच काळ राहतं.
मला आपली ऋजुता आठवली,
पोळीची कड कुरतडून मधला गोल ताटात ठेवणारी.

तर गाडी मी चालवणार.
एकसष्टाव्या वर्षी.
दीड महिना झाला, पहाटे बिजासनच्या टेकडीवर जातो आपण.
चढावर थांबायचं, हँडब्रेक, क्लच अर्धा,
आणि मागे न घसरता निघायचं.
गॅरेजवाले रईसभाई मला हसत नाहीत,
त्याचंच जास्त टेन्शन येतं.
"भाभीजी, घाट में जल्दी मत करना, बस."
गेल्या रविवारी भेरूघाट.
मागचा ट्रक हॉर्न देऊन देऊन थकला,
तेव्हा तू खिडकीतून हात काढून त्याला 'जा बाबा' केलंस.
ट्रक केव्हाच उजवीकडून निघून गेला होता.

दोन रात्री. खोली तळमजल्यावरची.
जंगलाचं फाटक कुठल्या वारी बंद, ते विचारायचं.
उतरताना अंधार व्हायच्या आत मटकुली.
ऋजुताला पोचल्यावर फोन, आधी नाही.
इथवर लिहिलं आणि पेन्सिल थांबली.
मी बघणार रस्ता.
तुला दिसणार तोही रस्ताच.
मग दरी बघायची कुणी?

तू लोणच्याची बरणी उचललीस.
नकाशाचा तो कोपरा गुंडाळत आला.
"दरी मी तशीही पाहिलेली नाही," तू म्हणालास,
"एकवीस वेळा गेलो, एकवीस वेळा स्टिअरिंगवर.
तू सांगायचीस, केवढी खोल, कशी निळी,
आणि मी म्हणायचो, गप्प बस, वळण आहे.
आता वळणं मी सांगतो.
दरी तू सांग, आठवून."

कसं सांगू तुला?
पूल गेला की मी डोळे मिटायचे.
सीटची कड धरून,
पोटात कालवत असताना,
निळी म्हणायचे, कारण
तू एवढी चालवत होतास, तर काहीतरी म्हणायला हवं होतं.

वाटेत कुठे तरी कठडा रुंद असेलच.
तिथे थांबेन. हँडब्रेक. पहिला गिअर. चाकाला दगड.
मग तुझी हनुवटी धरून मान वळवीन,
मधला गोल बरोबर दरीवर येईल अशी.
आणि माझे डोळे उघडे ठेवीन.

नकाशावर त्यासाठी एक टिंब काढलंय,
अंदाजानं.
उद्या टायरमध्ये हवा.
लोणचं घ्यायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.