नाक तेवढं स्वच्छ

चौतीस वर्षं मी दात बनवले,
मूस जॉच्या मेन स्ट्रीटवर, दवाखान्याच्या मागच्या खोलीत.
फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेने, नावाच्या चिठ्ठ्या लावून.
तेव्हाच कळलं, पांढऱ्याशुभ्र दाताइतकं खोटं
दुसरं काही नसतं.
मुळाशी थोडा चहा लागतो, टोकाला निळसर काच,
आणि एक बारीक चीर,
जी गिऱ्हाईकाला दाखवायची नसते.

आता तळघरात इंजिनं मळवते.
बाहेर उणे बत्तीस. भट्टी घुरघुरते.
हत्यारं तीच, खरवडणी तीच,
लांब दांडीचा गोल आरसाही तोच,
इंजिनाच्या पोटाखाली बघायला.

खोक्यातून निघतं ते लाल, बीटच्या सूपासारखं लाल,
आणि मुकं.
प्लास्टिकचे जाडे कठडे मी कापून टाकते,
गिटारच्या सर्वांत बारीक तारेचे नवे वळवते,
केसाएवढ्या भोकांत एकेक बसवते, श्वास धरून.
मग ऊन. आधी नेहमी ऊन:
पांढरा रंग पाण्यासारखा पातळ करून छपरावर,
वीस उन्हाळे एका दुपारी.
धुराड्याभोवती काजळी. पंख्यांच्या जाळीवर गव्हाची धूळ
(खरीच, कोठारापाशी झाडून चहाच्या डब्यात आणलेली).
डिझेल भरायच्या तोंडाखाली ओला काळा ओघळ,
तो चमकला पाहिजे, बाकी सगळं निस्तेज.
गंज शेवटी, आणि हात आखडून.
नवशिके गंज फेकतात बी फेकल्यासारखा.
लोखंड असं सरसकट म्हातारं होत नाही,
जिथं बूट लागतो, जिथं साखळी आपटते, तिथंच होतं.
माझे गुडघे बघा.

नोव्हेंबरात एर्विन फ्रीझन आला.
एकतीस वर्षं ड्रायव्हर, स्विफ्ट करंटपर्यंत आणि परत.
खालची कवळी माझ्या हातची. त्याला ठाऊक नव्हतं,
मी हसण्यावरून ओळखली.
त्याला त्याचंच इंजिन हवं होतं. फोटो एक, तोही धूसर.
खुर्चीत बसून चुका काढत राहिला, मला आवडलं.
"वाळूचा ओघळ डावीकडे जास्त. तो नळ गळायचा."
"घंटा गंजली नव्हती."
गंजली होती, फोटोत दिसत होतं. मी पुसली.
"खिडकीखाली रंग गेलेला. इथं माझं कोपर."
कोपरासाठी मी रंग घासून धातू उघडा केला,
तांदळाच्या कणीएवढा.
तो भिंग धरून बराच वेळ बसला.

मग मी नाकाशी आले. खरी मजा पुढेच असते:
चिरडलेले टोळ, चिखल, बर्फ लोटणाऱ्या फाळावरचे ओरखडे.
ब्रश भिजवला.
"नाक स्वच्छ ठेव."
ऑगस्टात? मी म्हटलं. अंग एवढं मळकं आणि नाक लख्ख?
कुणीही चूक काढेल.
"त्या दिवशी धुतलं होतं."
धुतात तर सगळंच धुतात ना?
तो भट्टीकडे बघत होता.
"नाही. यार्डातल्या पोरांनी, पाइप लावून. पुढचं तेवढं.
मी गाडी आत आणली, त्यानंतर."

ब्रश मी स्पिरिटात ठेवला.
कॉफी विचारली. नको म्हणाला. मग हो म्हणाला.

स्वच्छ नाकही रंगवावंच लागतं.
पाण्याचा फवारा कुठवर पोचला,
मळ कुठल्या रेघेला थांबला,
कडेने वाळलेले ओघळ, खाली जाता जाता फिकट.
दोन रात्री गेल्या त्यात.
फाळाच्या मागे, जिथं पाइपाचं पाणी वळलं नसेल,
तिथं मी आरसा लावून पाहिलं.
तिथं काही लावायचं का,
हे त्याला विचारलं नाही.

बुटाच्या खोक्यात ठेवून घेऊन गेला. पैसे रोख.
दारात कानटोपी चढवताना हसला.
कवळी अजून घट्ट बसते.