नाकातून

आठवीच्या गाइडात एकशे बाराव्या पानावर
एक इंग्रजी वाक्प्रचार होता:
नाकातून पैसे मोजणे.
अर्थ, अवाच्या सवा किंमत देणे.
मी फळ्यावर लिहिला, खडू ठेवला.

"पण मॅडम, नाकातूनच काऊन?"
तिसऱ्या बाकावरून पूनेश ठमके.
वर्ग हसला. कोणीतरी शेंबूड ओढल्याचा आवाज काढला.

रात्री गच्चीच्या कोपऱ्यात उभी राहून,
टॉवरची एकच काडी धरून शोधलं.
कोणी म्हणे, फार पूर्वी एका बेटावर
नाकागणिक कर होता,
चुकवला की नाक चिरायचे.
खाली दुसऱ्यानं लिहिलेलं, थाप आहे, पुरावा नाही.
तिसरा म्हणे, लंडनच्या गल्ल्यांत
पैशाला गेंड्याच्या नावानं हाक मारत,
आणि गेंडा म्हणजे ग्रीकांच्या लेखी नाकच.
थोडक्यात, ज्यांचं बोलणं
त्यांनाच ठाऊक नाही.

गुरुवारी पूनेश दिसला गुरांच्या बाजारात,
ग्रामपंचायतीमागच्या पडीत.
त्याचा आजा झिंगराजी गोऱ्ह्यांची नाकं टोचतो.
खुंट्याला आवळलेली मान,
दोघं शिंगांशी, एक शेपटीशी,
झिंगराजीच्या हातात तेल लावलेला दाभण.
नाकपुड्यांमधला पातळ पडदा
त्यानं आधी चिमटीत चाचपला,
व्यापारी कापसाचा धागा पाहतो तसा.
मग एकदाच.
गोऱ्हा ओरडला नाही.
त्यानं फक्त श्वास सोडला, लाल.
हळद, नवी दोरी, मूठभर ढेप.

पलीकडे दलाल आणि गिऱ्हाईक
दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबत होते.
भाव कोणाला ऐकू येत नव्हता.
"वेसण असली का चार हजार जास्त येते," पूनेश म्हणाला.
"बिनवेसणीचा कोन घेते?"
मग माझ्याकडे न बघता,
गोऱ्ह्याच्या तोंडावरची माशी हाकलत:
"पैसे तं आपून देतो मॅडम.
नाकातून थोच देते."

शुक्रवारी फळ्यावर अर्थाखाली लिहिलं,
उगम: अज्ञात.
परीक्षेत एक गुण असतो, उगम कोणी विचारत नाही.

घरी तोंड धुताना
बोट चमकीला अडखळलं.
सहाव्या वर्षी टोचलं होतं,
दारव्ह्याच्या सोनारानं, आईच्या मांडीवर.
दोन मावश्यांनी हात धरलेले.
सोनारानं सव्वा रुपया घेतला, आई अजून सांगते.
मला गुळाचा खडा मिळाला होता.